माळ्यावरचा तानपुरा, दहावीचं वर्ष आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की तुमच्या घरात गाण्याला, चित्राला, कुठल्याही कलेला जागा नेमकी कुठे आहे, म्हणजे खरीखुरी जागा, घरातला कोपरा कुठला आणि दिवसातली वेळ कुठली, ते कळवा. पत्रं खूप आली, मेल आले, काहींनी तर व्हॉट्सॲपवर पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवल्या. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमत नाहीये, पण ज्यांच्यावर मी दोन-दोन दिवस विचार करत होते ती पत्रं घेतलीत. मी नाशिकला पंचवीस-सव्वीस वर्षं गाण्याचा क्लास घेते, त्यामुळे जे लिहिते ते क्लासमधे नाहीतर घरात बघितलेलं असतं, पुस्तकातलं कमी.

मुलगी यंदा दहावीला गेली. पाच वर्षं गाणं शिकतेय, मध्यमा प्रथम परीक्षा झालीय. शाळा, कोचिंग, रविवारी टेस्ट. मिस्टर म्हणतात एक वर्ष गाणं बंद, परीक्षा झाली की परत लाव. ती काही बोलत नाही पण तोंड उतरलंय तिचं. काय करू? — एक आई, इंदिरानगर

ताई, बंद करू नका. कमी करा, पण बंद नको.

हे मी क्लास चालावा म्हणून सांगत नाहीये. माझ्याकडे हजेरीची वही असते, दर जूनमधे त्यातली काही नावं गळतात आणि ती बहुतेक दहावीचीच असतात. जाताना प्रत्येकजण सांगतो, मॅडम मार्चनंतर येते. मार्चनंतर अकरावीची ॲडमिशन येते, मग नीट नाहीतर जेईई, मग पुणं. परत येतात त्या फार थोड्या, आणि त्या येतात तेव्हा पस्तिशीला आलेल्या असतात, कडेवर मूल असतं, आणि पहिल्या दिवशी सा लावायला सांगितला की आवाज थरथरतो आणि रडू येतं. मी त्यांना पाणी देते आणि थोडा वेळ नुसती तानपुऱ्याच्या तारा छेडत बसते. एका वर्षाचा ब्रेक म्हणून सुरू झालेलं ते वीस वर्षं लांबलेलं असतं.

आता काय करायचं ते सांगते. क्लास आठवड्यातून दोनदा असेल तर एकदा करा. या वर्षी गाण्याची पुढची परीक्षा देऊ नका, नवीन राग नको, स्पर्धा तर अजिबात नको. रोज फक्त पंधरा मिनिटं, कोचिंगहून आल्यावर आणि जेवायच्या आधी, मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावून नुसता सा, मग मंद्र सप्तकात खाली खाली जाऊन परत वर. लांब सूर लावायचा तर श्वास सावकाश सोडावाच लागतो, त्याने खांदे उतरतात, जबडा सैल पडतो. माझ्याकडे मागे एक मुलगी होती, दहावीचं सगळं वर्ष ती शनिवारी वीस मिनिटं यायची, बोटाला पेनाची शाई लागलेली, दप्तर दाराशी टाकून सरळ मांडी घालून बसायची आणि डोळे मिटून सा लावायची. पहिली दोन मिनिटं सूर हलायचा, तिसऱ्या मिनिटाला स्थिर व्हायचा, आणि तो स्थिर झाला की तिच्या कपाळावरची आठी जायची, हे मी समोर बसून दर शनिवारी बघितलंय. तिला मार्क किती पडले ते मी सांगणार नाही, कारण तुम्ही मग मार्कांसाठी गाणं चालू ठेवाल, आणि ते तर मला नकोच आहे.

मिस्टरांना पटवायला एक गोष्ट मात्र सांगून ठेवा, शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात, किती परीक्षा झाल्यात त्यावर ते ठरतं, सध्याचा नियम शाळेत विचारा आणि सर्टिफिकेटं वेळेत जमा करा, शेवटच्या दिवशी धावपळ नको.

आणि जमलं तर त्यांना विष्णु दिगंबर पलुसकरांबद्दल पण सांगा. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांची दृष्टी गेली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले, आणि ५ मे १९०१ ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाच्या पैशावर नाही, लोकांच्या वर्गणीवर. त्याआधी गाणं बहुतेक एक तर दरबारात नाहीतर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राबून, आणि चांगल्या घरच्या मुलींनी गाणं म्हणजे लोक नावं ठेवायचे. या माणसाने अभ्यासक्रम केला, स्वरलिपी केली, वर्ग भरवले, बायकांना शिकवायची सोय केली. आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या नाशिकला येऊन राहिले होते, इथे त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, तुमच्या मुलीने जी मध्यमा प्रथम दिली ती त्याच मंडळाच्या शिडीवरची एक पायरी आहे. इतक्या लोकांनी इतके कष्ट करून गाणं आपल्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत आणून ठेवलंय, एका दहावीपायी ते दाराबाहेर काढू नये असं मला फार मनापासून वाटतं.

मी ढोल पथकात आहे. पप्पा म्हणतात हा नुसता गोंगाट आहे, कला नाही. खरंच नाही का? — वय १९, सिडको

आहे, शंभर टक्के आहे. चाळीस-पन्नास ढोल एकाच ठोक्याला पडायचे, ताशाने उचल दिली की सगळ्यांनी एका श्वासात लय वाढवायची, आणि वाढवलेली लय पळू द्यायची नाही, हे ज्याने केलंय त्यालाच माहिती किती अवघड असतं ते. माझ्याकडे गायला येणारी निम्मी मुलं लयीत कच्ची असतात आणि पथकातून आलेली मुलं नसतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. नाशिक ढोल म्हटलं की देशभर लोकांना कळतं आपण कशाबद्दल बोलतोय, हे काय उगीच नाही झालं.

पण पप्पांच्या बोलण्यातलं एक घे. कानात फोमचे इअरप्लग घालून वाजव, मेडिकलमधे स्वस्तात मिळतात, कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. ऐकू येणं एकदा कमी झालं की ते परत येत नाही रे, आणि कान गेला तर वाजवणार कशावर. प्रॅक्टिस रात्री दहाच्या आत संपवा, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यातच आहे. आणि एकदा पप्पांना मिरवणुकीत नको, प्रॅक्टिसला घेऊन जा, जिथे तुमचा दादा एकच हात चुकला म्हणून सगळं थांबवतो आणि पहिल्यापासून घेतो. ते त्यांना दिसलं पाहिजे.

सासरे ७८ वर्षांचे आहेत, विसरण्याचा आजार आहे. मला कधी ओळखतात कधी नाही, जेवले की नाही ते आठवत नाही. संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात, घरी जायचंय म्हणतात, घरातच असून. पण शेजारच्या मंदिरात भजन लागलं की मांडीवर ताल धरतात आणि सगळा अभंग, सगळी कडवी, न चुकता म्हणतात, एकदम मोठ्या आवाजात. मिस्टरांना सोसायटीत लाज वाटते, ते दार लावून घेतात. हे चांगलं आहे की त्यांना त्रास होत असेल? — पंचवटीतून एक सून

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, कारण हे सगळं माझ्या घरात होऊन गेलंय.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि शेवटची दोन वर्षं ते मला ओळखत नव्हते. मला बाई म्हणायचे. बाई, चहा झाला का, बाई, तुमचं घर कुठे. एकदा दुपारी चारच्या सुमाराला मी त्यांच्याच खोलीत बसून भीमपलास गात होते, ते खिडकीकडे तोंड करून बसलेले, ऐकतायत की नाही ते पण कळत नव्हतं, आणि मधेच मान न वळवता म्हणाले, बाई, गंधार जरा चढतोय तुमचा. आणि खरंच तो ग चा सूर चढत होता. मुलगी कोण ते गेलं होतं, पण तिचा कोमल गंधार कुठे हवा ते तसंच्या तसं जागेवर होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले आणि मग येऊन परत गायले, नीट.

तर हे चांगलंच आहे. डॉक्टर लोक पण सांगतात की अशा आजारात नावं, तारखा, सकाळी काय झालं हे आधी जातं, आणि लहानपणापासून घोटलेली गाणी, ताल, चाली या बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. अभंग त्यांनी आयुष्यभर दर एकादशीला म्हटला असेल, हातापायांत मुरलाय तो. याने आजार बरा होणार नाही, हे पण स्पष्ट सांगते, कोणी तसं म्हणालं तर विश्वास ठेवू नका, औषधं आणि डॉक्टर चालूच ठेवायचे. पण संध्याकाळचे ते दोन तास तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठी सोपे होऊ शकतात.

मी जे केलं ते सांगते, तुम्हाला पटेल ते घ्या. दिवे लागायच्या आधी, ते अस्वस्थ व्हायच्या आधी, त्यांच्या शेजारी खाली बसा आणि हातात टाळ द्या, खरे टाळ, कारण हाताला काम मिळालं की मन थोडं थांबतं. टीव्हीवर भजन लावून निघून जाऊ नका, त्याचा उपयोग कमी होतो, तुम्ही स्वतः म्हणा, आवाज कसाही असू दे. त्यांच्या पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षातली गाणी शोधा, त्या वयातली गाणी सगळ्यात खोल बसलेली असतात, तमाशातली असतील, रेडिओवरची असतील, शाळेतली प्रार्थना असेल. शब्द चुकले तर दुरुस्त करू नका. मधेच चिडले, कान झाकले, तर लगेच थांबा, उद्या बघू. आणि कोणत्या गाण्याला शांत होतात ते एका वहीत लिहून ठेवा, पुढे कोणी मदतनीस ठेवलात तर तिला ती वही फार उपयोगी पडेल.

आता मिस्टरांचं. त्यांना रागवू नका, लाज वाटते त्याच्या खाली भीती आणि दुःख असतं, आपला बाप असा बघवत नाही माणसाला. एका एकादशीला शेजारच्या चार-पाच घरांना संध्याकाळी बोलवा, चहा आणि अर्धा तास भजन, बस. काकांचा आवाज कशाचा आहे ते एकदा सगळ्यांना कळलं की दार लावायची गरज राहत नाही. आणि पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या शहरातून त्र्यंबकच्या रस्त्याला लागतात ना, तेव्हा मिस्टरांनीच त्यांना गाडीत बसवून रस्त्याच्या कडेला न्यावं, स्वेटर-टोपी घालून, गर्दीत न उतरता, काच खाली करून. टाळ-मृदंग जवळ येताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला सांगा मुलाला.

दर रविवारी सकाळी गोदाघाटावर बसून जलरंगात चित्र काढतो. सहा वर्षं झाली, एकही विकलं गेलं नाही, घरात दोनशेच्या वर चित्रं पडलीत. बायको विचारते याचं पुढे काय. मला उत्तर देता येत नाही. — बँक कर्मचारी, गंगापूर रोड

दादा, मी गाण्यातली आहे, चित्रातलं मला रेषेपुरतं कळतं, तरी लिहिते.

घाटावर बसून जलरंग करणं हे नाशिकचं फार जुनं वेड आहे. चित्रकार शिवाजी तुपे सरांनी घाट, देवळं, जुने वाडे किती वेळा काढले असतील, आणि आजही कोवळ्या उन्हात रामकुंडाकडे गेलं की चार-पाच पोरं बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली दिसतातच. तुम्ही त्या रांगेतले आहात. विकलं जाणं हा वेगळा धंदा आहे, त्याला प्रदर्शन लागतं, फ्रेम लागते, ओळखी लागतात, करायचं तर करा, पण त्यासाठी रविवार वाया घालवू नका.

मला तुमच्या दोनशे चित्रांबद्दल दुसरंच विचारायचंय. प्रत्येकाच्या मागे तारीख आहे का? नसेल तर आठवेल तेवढी आजच टाका. कारण सहा वर्षं दर आठवड्याला एकाच नदीकडे तुमच्याइतकं निरखून बघणारा माणूस दुसरा कोण आहे सांगा. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, हे आपण नाशिककर पावसाळ्यात बोलतो, तुमच्याकडे ते रंगात असणार. पूर आला तेव्हाचा तो तपकिरी रंग, पूर ओसरल्यावर नारोशंकराच्या देवळाच्या दगडावर राहिलेली गाळाची रेष, उन्हाळ्यात उघडी पडलेली पायरी. फोटो सगळेच काढतात पण फोटो एका सेकंदात होतो, तुम्ही त्या पायरीकडे तास-तास बघितलंय, त्यामुळे ती तुम्हाला माहिती झालीय, आणि बँकेत सोमवारी काउंटरवर समोर आलेल्या माणसाकडे पण तुम्ही वेगळं बघत असणार, याची मला खात्री आहे.

वहिनींना उत्तर शब्दात देऊ नका. दोनशेतली बारा काढा, एकाच जागेची, बारा महिन्यांची, आणि हॉलच्या भिंतीवर ओळीने लावा. ट्रंकेत पडलेल्या चित्राबद्दल माणूस विचारणारच याचं पुढे काय. वहिनींच्या जागी मी असते तर मी पण विचारलं असतं.

मित्रांबरोबर कालिदास कलामंदिरात शास्त्रीय गाण्याच्या प्रोग्रामला गेलो. सगळे मधेच एकदम वा म्हणतात, मान हलवतात, मला काही कळतच नव्हतं कशावर. वय ३४, अंबडला कंपनीत इंजिनियर. हे ऐकायला काही जन्मजात कान लागतो का, की आता उशीर झाला? — एक वाचक

जन्मजात काही लागत नाही, सवय लागते, आणि तुमच्या प्रश्नाला अगदी सरळ उत्तर आहे. ते वा म्हणतात ना, ते बहुतेक वेळा समेवर म्हणतात.

तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणजे ठोके, असतात, चार-चारचे चार भाग. पहिली मात्रा म्हणजे सम. नवव्या मात्रेपासूनच्या भागाला खाली म्हणतात, तिथे तबल्याच्या डग्ग्याचा भारदस्त आवाज गळतो, ठेका एकदम हलका वाटतो. गायक काहीही करत असू दे, आलाप, बोल, ताना, त्याला चीजेचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडून बरोबर त्या पहिल्या मात्रेवर येऊन बसायचंय. तो किती लांब गेला, आता वेळेत परत येतो का, याची उत्सुकता वाढत जाते आणि तो सहज, हसत, नेमका तिथे उतरतो. तेव्हा वा निघते. तुम्ही इंजिनियर आहात, मोजायची सवय आहे, पुढच्या वेळी तबलजीच्या हाताकडे बघत बोटांवर सोळा मोजा. पहिली पंधरा मिनिटं चुकेल, मग एकदा बरोबर सापडेल, आणि तेव्हा मान तुमची तुम्हीच हलवाल. फक्त सुरुवात द्रुत किंवा मध्य लयीपासून, म्हणजे जलद किंवा मधल्या वेगापासून करा, अति विलंबित, म्हणजे फार संथ ख्यालात मात्रा इतक्या लांब असतात की नवीन माणूस हरवून जातो आणि वाटतं आपल्याला काही येत नाही.

दुसरं म्हणजे एक महिना एकच राग ऐका. भूप घ्या, पाचच सूर, सा रे ग प ध, म नाही नी नाही. संध्याकाळी ऑफिसहून येताना गाडीत तोच. वेगवेगळ्या गायकांचा. आठ दिवसांनी ग कुठे येतो, तिथे गायक किती रेंगाळतो, ते तुम्हाला आपोआप जाणवायला लागेल, आणि मधेच कोणी दुसरा राग लावला की घर बदलल्यासारखं वाटेल.

आणि द. वि. पलुसकर ऐका, वर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या विष्णु दिगंबरांचा मुलगा, बापूराव. जन्म नाशिकचा, २८ मे १९२१. दहा वर्षांचे असताना वडील गेले, पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिकले, चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायले. त्यांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आहेत, एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि तेवढ्यात राग पूर्ण उभा करतात, कुठे घाई नाही, आवाज इतका स्वच्छ की शब्द न शब्द कळतो. नवीन ऐकणाऱ्याला यापेक्षा चांगला दरवाजा मला माहिती नाही. १९५२ च्या बैजू बावरा सिनेमात अमीर खाँ साहेबांबरोबर त्यांची जुगलबंदी आहे, ती तुमच्या घरच्या मोठ्यांना पाठ असेल. ऑक्टोबर १९५५ मधे ते गेले, मेंदूज्वराने, तेव्हा त्यांचं वय तुमच्याइतकंच होतं, ३४. तुम्ही उशीर झाला म्हणालात तेव्हा मला पटकन हेच आठवलं. एवढ्याशा वयात हा माणूस आपल्यासाठी केवढं ठेवून गेला, आणि तुमच्याकडे ऐकायला अजून सगळं आयुष्य आहे.

वय ६१, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालो. पेटी शिकायचीय. बोटं आखडलीत. मुलं म्हणतात आता काय करणार शिकून. जमेल का? — एक काका

जमेल काका. सेकंडहँड पेटी घ्या, भाता गळत नाही ना आणि सगळे सूर बोलतात ना एवढं बघून. पहिला महिना फक्त अलंकार, सारेग रेगम गमप, इतकं सावकाश की दोन सुरांमधे श्वास घेता येईल, बोटं पंधरा मिनिटांत दुखली तर थांबा आणि संध्याकाळी परत बसा. सहा महिन्यांत आरती वाजेल. गणपतीत घरच्या आरतीला पेटी तुम्ही धरा, मुलांना तोपर्यंत काही सांगूच नका.

आजीचा तानपुरा माळ्यावर सापडला. भोपळ्याला तडा गेलाय, तीन तारा तुटल्यात, गवसणी उंदरांनी कुरतडलीय. आजी जाऊन अठरा वर्षं झाली, आता घरात कोणी गात नाही. जुन्या वस्तू घेणारा एकजण चांगले पैसे देतो म्हणतोय, शोपीस म्हणून कुठल्यातरी हॉटेलात लावणार आहे. देऊन टाकू का? — सिन्नरहून एक वाचक

ताई, लगेच देऊ नका. एकदा तो वाजता करा, घरात ऐका, आणि मग ठरवा. एवढी एकच विनंती आहे.

तडा गेला म्हणजे तानपुरा मेला असं नसतं, कारागीर भोपळा जोडून देतात, आतून आधार देतात, आणि नीट जोडलेला भोपळा पुढे कितीतरी वर्षं चालतो. मिरजेला घेऊन जाता आला तर उत्तम, तिथे पिढ्यानपिढ्या तंतुवाद्यं करणारी घरं आहेत, २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन पण मिळालं. भोपळे पंढरपूरकडचे येतात, शेतात वेलीवर मोठे होऊ दिलेले, मग वाळवलेले, त्यामुळे असा जुना, आपोआप वाळून हलका झालेला भोपळा ही कारागिरालाही आवडणारी गोष्ट असते. तबली, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती), खुंट्या त्यांना बघू द्या. जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून केलेली बारीक जुळणी, त्यांच्याकडूनच काढून घ्या, तार आणि घोडीच्या मधे बारीक दोरा सरकवताना एका क्षणी आवाज एकदम उघडतो, तार नुसती टणटण वाजत असते ती गुंजायला लागते, ते बघायला तुम्ही तिथे समोर उभ्या राहा.

घरात कोणी गात नाही म्हणालात. चार तारा छेडायला गाता यायला लागत नाही. प, सा, सा आणि खर्जातला सा, एकामागून एक, न थांबता, सारख्या वेगाने, आठ वर्षांच्या मुलालाही एका दुपारी येतं. आमच्या क्लासमधे लहान मुलांना मी पहिले काही दिवस एवढंच देते आणि सगळ्यात दंगेखोर पोरगं पण त्याला कान लावून बसतं, भोपळ्याला गाल टेकवून, कारण तो आवाज हाडातून येतो. रोज संध्याकाळी दिवा लावताना पाच मिनिटं कोणीतरी तारा छेडल्या तरी पुरे. ठेवायची जागा हॉलमधली, येता-जाता हात लागेल अशी, पण खिडकीच्या उन्हात नको, बाथरूमच्या भिंतीला टेकून नको, आणि नवी गवसणी जाड सुती कापडाची शिवा. माळ्यावर परत टाकायचा असेल तर त्यापेक्षा मग हॉटेलवाल्याला दिलेला बरा, हे पण मनापासूनच सांगते.

नेताना उरलेली तार सैल करा, भोपळा जुन्या रजईत गुंडाळा, गाडीत मागच्या सीटवर आडवा ठेवा, बसच्या टपावर तर अजिबात नको. आणि जायच्या आधी घरातल्या मोठ्यांना, आत्याला, मामाला, कोणालाही फोन करून विचारा की आजी कुठल्या पट्टीत गायच्या, पेटीवरची काळी चार की काळी पाच की आणखी काही. कारागीर पहिल्यांदा हेच विचारेल, कारण तारा किती जाडीच्या लावायच्या ते त्यावर ठरतं.